उघड्या लाकडाचा जिना आणि वृद्धांची पावले

दुर्ग आणि रायपूर या दोन शहरांच्या मधोमध, मुंबई-हावडा लोहमार्गावर चरोदा वसले आहे. भिलईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याकडे येणारा आणि तेथून जाणारा माल हाताळण्यासाठी रेल्वेने चरोद्यात मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड उभारले. त्या यार्डाभोवती वस्ती वाढत गेली. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून येथे आलेल्या मराठी कुटुंबांतील पहिली पिढी आता वार्धक्यात पोचली आहे.

अशा वस्तीत लाकडी जिन्याचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न साहजिक आहे. रेल्वेची निवासस्थाने विटा-सिमेंटची. त्यांतील जिनेही सिमेंटचेच. तरीही लाकडी जिना येथून सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. जुन्या कौलारू घरांत धान्य व अडगळ ठेवण्याच्या माळ्यावर चढण्यासाठी तो असतो. निवृत्तीनंतर बांधलेल्या छोट्या घरात जागा वाचावी म्हणून सुतार बैठकीच्या कोपऱ्यातून वर जाणारा जिना लाकडाचाच करून देतो. पुष्कळदा हा जिना कोऱ्या लाकडाचा तसाच राहतो. घरात राहावयास जाण्याची घाई असते, पैसे संपत आलेले असतात, आणि पॉलिश नंतर करू असे ठरते. हे 'नंतर' येते तेव्हा घरातील माणसे साठी ओलांडून गेलेली असतात.

ते काम करताना बहुतेक घरांत एक चूक होते. जिना हे एक फर्निचर आहे असे समजून त्याला कपाटासारखी चकाकी दिली जाते. परंतु कपाटावर कोणी पाय ठेवीत नाही. वृद्धांच्या वापरातील जिन्यावर जे लेपन करावयाचे त्याची कामे दोनच: पायाला पकड देणे आणि डोळ्याला पायरीची कड दाखविणे. लाकडाचे रक्षण ही तिसरी गोष्ट, आणि शोभा हवी असेल तर चौथी.

पडण्याचे कारण

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पासष्ट वर्षांवरील माणसांपैकी शेकडा २८ ते ३५ जण दरवर्षी एकदा तरी पडतात. यांतील सर्वच जण जिन्यावर पडत नाहीत. परंतु जिन्यावरचे पडणे सपाट जमिनीवरील पडण्यापेक्षा फार घातक ठरते, आणि ते चढताना नव्हे तर बहुधा उतरताना घडते. चढताना तोल गेला तर माणूस पुढच्या पायऱ्यांवर हात टेकतो. उतरताना त्याच्यापुढे केवळ पोकळी असते.

उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे कोऱ्या लाकडाचा दोष ध्यानात येतो. वरून पाहताना पायऱ्यांच्या सर्व फळ्या एकाच रंगाच्या दिसतात आणि एक पायरी कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली हे उमगत नाही. वीस वर्षांच्या तरुणाच्या नेत्रपटलावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एकतृतीयांशच साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर पोचतो. मोतीबिंदू असल्यास त्याहूनही कमी. त्यातच दुभागी भिंगांचा चष्मा असेल तर खाली पाहताना नजर नेमकी वाचनाच्या भिंगातून जाते. ते भिंग हातभर अंतरावरच्या पुस्तकासाठी केलेले असल्यामुळे पायाखालची पायरी अंधुक होते. अशा डोळ्यांपुढे चकचकीत पॉलिश केलेली पायरी ठेवली तर खिडकीचे प्रतिबिंब तिच्यावर पडते, आणि कड असते तेथे उजेडाचा एक पट्टा दिसतो.

कोऱ्या लाकडाचा दुसरा दोष म्हणजे कुसळे. आपल्याकडे घरात अनवाणी वावरण्याची रीत आहे. सालाचे लाकूड कणखर खरे, पण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. वाळताना ते तडकते आणि त्याच्या बारीक सळ्या सुटतात. तरुणाच्या पायात सळी गेली तर तो तत्काळ ती काढून टाकतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या वृद्धाच्या तळपायाची संवेदना मंदावलेली असते. त्याला ती कळतच नाही, आणि आठवड्याने जखम चिघळलेली आढळते. म्हणून जिना कोराच ठेवणे हाही सुरक्षित पर्याय नव्हे.

वाड्यांचा आणि चाळींचा दाखला

लाकडी जिन्यासंबंधी मराठी माणसाचा खरा अनुभव पुण्याच्या वाड्यांतला आणि गिरगावच्या चाळींतला आहे. वाड्यांतील जिने बहुधा भिंतीच्या जाडीतच बसविलेले, अरुंद, उभे आणि काळोखे असत. वरच्या तोंडाशी झडप असे. एकावेळी एकाच माणसाला चढता यावे ही त्यातील योजना संरक्षणाच्या दृष्टीने केलेली होती. अशा जिन्यात पुष्कळ ठिकाणी वरून एक जाड दोर सोडलेला असे. त्या दोराला धरून म्हाताऱ्या स्त्रिया निर्वेधपणे चढउतर करीत. आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जिन्याची भूमिती सदोष होती, परंतु हाताला आधार चोख होता. नव्या घरांत याच्या उलट प्रकार पुष्कळदा आढळतो.

चाळींतील जिने सार्वजनिक. शंभर-सव्वाशे वर्षांच्या वापराने सागवानी पायऱ्या मध्यभागी झिजून वाटीसारख्या खोलगट झालेल्या तेथे पाहावयास मिळतात. मुंबईत अशा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि पुढे ते गृहनिर्माण प्राधिकरणात समाविष्ट करण्यात आले. दुरुस्तीत लाकडाच्या जागी लोखंड व काँक्रीट आले. जेथे लाकूड राहिले, तेथील एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: या झिजलेल्या पायऱ्यांना कोणी पॉलिश केलेले नसे, आणि त्यांवरून घसरण्यापेक्षा खोलगट भागामुळे पाऊल कलंडण्याचा धोका अधिक असे. अशी पायरी लांबी भरून सपाट करण्याचा मोह टाळावा. भरलेला थर पावलांच्या दाबाने सुटतो. सुताराकडून फळी काढवून ती उलटी बसविणे, किंवा ती बदलणे, हाच इलाज.

लेपनापूर्वी

जिना मुळात बेताचा असला पाहिजे. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल याने पावलाच्या लांबीवरून एक नियम बसविला: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे साधारणतः ६० ते ६५ सेंटीमीटर, असावी. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) निवासी इमारतींसाठी उंची १९ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी आणि रुंदी २५ पेक्षा कमी नसावी असे सांगितले आहे. हिशेब केला तर बेरीज ६३ येते. माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या मोजून पाहिल्या तर त्या या हिशेबात क्वचितच बसतील. तसे असल्यास कितीही काळजीपूर्वक लेपन केले तरी तो जिना वृद्धांसाठी नव्हे, हे मान्य करून त्यांचे बिछाने तळमजल्यावर आणणे श्रेयस्कर.

उंचीपेक्षाही एकसारखेपणाला अधिक महत्त्व आहे. दोन-तीन पायऱ्या चढताच पाय त्यांचे माप मनाशी धरतो आणि पुढे डोळ्यांवाचून चालतो. एखादी पायरी बोटभर उंच किंवा ठेंगणी निघाली की तो फसतो. अमेरिकेतील बांधकाम-नियमांत एका जिन्याच्या पायऱ्यांच्या उंचीत सुमारे साडेनऊ मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही. आपल्याकडे हा फरक एका विशिष्ट कारणाने उत्पन्न होतो. जुन्या फरशीवर नव्या टाइल्स बसविल्या की खालची जमीन दोन-तीन सेंटीमीटर वर येते आणि पहिली पायरी तेवढीच ठेंगणी होते. जिना करणाऱ्या सुताराचा यात दोष नसतो. पण उतरणाऱ्याचे शेवटचे पाऊल अपेक्षेपूर्वीच जमिनीला लागते आणि गुडघ्याला हिसका बसतो. जिन्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक पायरीची उंची टेपने मोजून कागदावर लिहावी.

त्यानंतर प्रत्येक पायरीवर टाच आपटून पाहावी. करकरणारी फळी सैल असते. वर आलेले खिळे ठोकून पुन्हा आत घालण्यात अर्थ नाही, कारण छत्तीसगडच्या हवेत ते पुन्हा वर येतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि जुलैत हवा पाण्याने भरलेली असते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, आणि या खेचाखेचीत खिळा हळूहळू बाहेर सरकतो. त्याच्या जागी स्क्रू बसवून त्याचे डोके लाकडाच्या आत बुडवावे.

चरोद्यासारख्या रेल्वेच्या गावात आणखी एक सावधगिरी हवी. लाकडी स्लीपर रुळांखालून काढल्यावर लिलावात विकले जात आणि त्यांतून दारे, बाके, जिनेही होत. सालाचे स्लीपर पुष्कळदा कोणतीही प्रक्रिया न करता वापरलेले असत. परंतु काही नरम जातींच्या लाकडाला क्रिओसोट नावाचे काळे डांबरी तेल मुरविलेले असे. ते आरोग्यास घातक आहे. लाकूड काळपट असेल आणि उन्हात डांबरासारखा वास येत असेल, तर त्याला घासू नये व त्यावर लेपही देऊ नये. ते घरात ठेवूच नये. जुन्या रंगाच्या बाबतीतही असेच म्हणावे लागेल. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व पुढच्या वर्षाअखेरीपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाचा थर कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर पसरते. तो ओला करूनच खरवडावा.

लाख, जवस आणि नवी वॉर्निशे

लाकडावर लावण्याच्या दोन जुन्या द्रव्यांशी या प्रदेशाचे जवळचे नाते आहे. कुसुम, पळस आणि बोर यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांपासून लाख मिळते. झारखंड व छत्तीसगड ही तिची मुख्य उत्पादक राज्ये. लाखेवरील संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संस्था स्थापन झाली. लाख शुद्ध करून केलेली चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लाकडावर फिरविली की सुताराचे सुपरिचित पॉलिश होते. कपाटाला, पलंगाला त्याच्यासारखे दुसरे नाही. जिन्याला मात्र ते वर्ज्य समजावे. ओलसरपणाने त्यावर पांढरे डाग उठतात, उष्णतेने ते मऊ पडते, आणि सोडा किंवा साबण घातलेल्या पाण्याने लादी पुसण्याची आपली पद्धत त्याला विरघळवीत जाते. मुख्य म्हणजे त्याची सारी कीर्ती गुळगुळीतपणाची आहे. बाहेरून येऊन पाय धुतलेला माणूस ओल्या तळव्यांनी अशा पायरीवर चढला तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी. विदर्भात आणि छत्तीसगडात जवस पूर्वीपासून पिकते. त्याचे तेल वाऱ्याने उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. ते लाकडात मुरते, वर कवच धरीत नाही, म्हणून लाकडाचा खरखरीतपणा टिकतो. झिजलेल्या भागापुरते पुन्हा लावता येते. कच्चे तेल वाळावयास कित्येक दिवस लागतात. शोषक द्रव्ये घातलेले 'उकळलेले' तेल एक-दोन दिवसांत वाळते. लावल्यावर पाव तासाने उरलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून काढणे अत्यावश्यक आहे, नाहीतर चिकट थर राहून त्यावर धूळ बसते. काही घरांत स्वयंपाकाचे किंवा खोबऱ्याचे तेल लाकडाला चोळतात. ही तेले कधीच वाळत नाहीत. जिन्यावर त्यांचा एक थेंबही नको.

जवसाच्या तेलाचा एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. फळीवर ती विरून जाते. परंतु तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत साठत जाऊन काही तासांनी फडकी आपोआप पेटतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अशाच फडक्यांपासून आग लागली आणि तीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. चरोद्याच्या उन्हाळ्यात तर अधिकच जपले पाहिजे. काम संपताच फडकी पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवावी, किंवा उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळू द्यावी. जिन्याखालच्या अडगळीत ती कदापि ठेवू नयेत.

रोजच्या वर्दळीच्या जिन्यासाठी आज पॉलियुरेथेनचे वॉर्निश अधिक टिकाऊ ठरते. पाण्यात मिसळणाऱ्या प्रकाराला वास कमी असतो. दम्याच्या रुग्णांच्या घरात तोच वापरावा. ते मंद, चकाकी नसलेले घ्यावे. मात्र येथे एक गैरसमज होतो. चकाकी नाही म्हणजे निसरडेपणा नाही, असे नव्हे. मंद वॉर्निशाने उजेडाचे प्रतिबिंब टळते, डोळ्याची सोय होते. पायाची पकड त्याने वाढतेच असे नाही. ती स्वतंत्रपणे निर्माण करावी लागते.

त्याची रीत अशी. लाकूड प्रथम ८० व नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासावे आणि तेथेच थांबावे. फर्निचरसाठी सुतार त्याहून बारीक पेपर वापरतो, तो येथे नको. सागात स्वभावतःच तेलकटपणा असतो, म्हणून सागवानी फळी लेपनापूर्वी थिनरने पुसावी. वॉर्निशाचा पहिला पातळ हात वाळल्यावर दुसरा हात द्यावा आणि तो ओला असतानाच पायरीच्या पुढच्या भागावर धुऊन, वाळवून, कापडातून चाळलेली बारीक रेती विरळ भुरभुरावी. वाळल्यावर सुटी रेती झाडून घ्यावी व वरून एक पातळ हात द्यावा. रेती जाड असली तर अनवाणी पायांना टोचते, लुगड्याचा काठ तीत अडकतो, आणि मळ साचतो. उरलेल्या फळीच्या तुकड्यावर आधी प्रयोग करून घरातील धडधाकट माणसाने तिच्यावर कोरड्या, ओल्या आणि मोजे घातलेल्या पायाने उभे राहून पाहावे. हिवाळ्यात वृद्ध मोजे घालतात, आणि तेव्हा अनवाणी पायाची स्वाभाविक पकड नाहीशी होते.

पायरीच्या कडेवर पाच-सहा सेंटीमीटर रुंदीचा वेगळ्या रंगाचा पट्टा काढावा. काळसर लाकडावर फिका पिवळा, फिक्या लाकडावर गडद तपकिरी. रंग कोणता यापेक्षा उजळ-काळोखाचा विरोध महत्त्वाचा. पट्टा अगदी कडेपासून सुरू झाला पाहिजे. दोन बोटे आत सरकला तर डोळा त्यालाच कड समजेल आणि पाऊल चुकेल. अशा पट्ट्यापेक्षा तो नसलेला बरा. पट्टा प्रत्येक पायरीवर असावा. केवळ पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर काढण्याची टूम अधूनमधून दिसते, ती निरुपयोगी आहे. बाजारातील चिकटपट्ट्यांची टोके काही महिन्यांत उलटतात. त्या लावल्याच तर दर महिन्यास तपासाव्या लागतात.

वाळण्याचे दिवस

हे काम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत करावे. पावसाळ्यात लेप वाळत नाही, आणि वैशाखात तो लावता लावताच वाळून ब्रशाच्या खुणा राहतात.

वाळेपर्यंत चढउतर कशी करावयाची, यावर कारागिरांची एक ठरलेली युक्ती आहे: एक पायरी सोडून एक रंगवावयाची आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या. तरुणांच्या घरात ती चालते. वृद्धांच्या घरात ती सपशेल अयोग्य आहे. तिच्यामुळे प्रत्येक पावलास दुप्पट उंची चढावी लागते, आणि कोणती पायरी ओली हे अंधुक नजरेने ओळखावे लागते. म्हणजे ज्या अपघातासाठी सारा खटाटोप, त्याचीच तयारी होते. चार दिवस आजी-आजोबांचा बिछाना, औषधे, रात्रीचे पाणी आणि चष्मा खाली आणून ठेवावा आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी लावावी. हाताला कोरडे लागणे म्हणजे लेप पक्का होणे नव्हे. त्यास आठवडाभर लागतो, तोवर जड सामान वर नेऊ नये.

याच दिवसांत कठडा पाहून घ्यावा. धरण्याचा दांडा मुठीत पुरता मावणारा, सुमारे चार सेंटीमीटर जाडीचा, पायरीपासून ८५ ते ९० सेंटीमीटर उंचीवर आणि शक्य तर दोन्ही बाजूंना असावा. अर्धांगवायू झालेल्या माणसाला चढताना एक बाजू चालते आणि उतरताना दुसरी. पुष्कळ स्त्रिया एका हाताने निऱ्या सावरीत आणि दुसऱ्या हातात काही धरून उतरतात. त्यांच्यासाठी दांड्याला हात मोकळा राहील अशी व्यवस्था, म्हणजे खांद्यावरची पिशवी, ही लेपाइतकीच कामाची आहे. दांड्यास जवसाचे तेल पुरे. दांडा संपतो तेथे, शेवटच्या पायरीच्या थोडे अलीकडे, सुताराकडून बोटाला जाणवेल अशी एक खाच करून घ्यावी. वीज गेली असताना जमीन जवळ आल्याचे हाताला कळते.

दिव्याची बटणे जिन्याच्या दोन्ही टोकांना हवीत, आणि दिवा उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल असा नसावा. वरच्या तोंडाशी पायपुसणे ठेवू नये. काम संपल्यावर संध्याकाळच्या उजेडात, त्याच घरातील वृद्धाला वरच्या पायरीवर कोणाचा तरी हात धरून उभे करावे आणि खाली उतरण्यापूर्वी पायऱ्या मोजावयास सांगावे. त्याची मोजणी चुकली, तर पट्ट्याचा रंग बदलावा.